वाटेचा हक्क

नमाज-ए-जनाजा फार तर पाच मिनिटांची असते. तिला रुकू नाही, सजदा नाही. चार तकबीर आणि सलाम. जोहरची नमाज चुकली तर तिची कजा पढता येते. जनाजा चुकला तर चुकला. ही गोष्ट मी माझ्या वर्गातल्या मुलांना अनेकदा सांगितली आहे. तिचा अर्थ मात्र मला गेल्या वर्षी एका दुपारी कळला, कब्रस्तानच्या वाटेवर, माझ्याच मोटारसायकलपाशी.

आमचे पातूर हे अकोला-वाशीम रस्त्यावरचे तालुक्याचे गाव. जुन्या कागदपत्रांत त्याचे नाव 'पातूर शेख बाबू' असे सापडते; ज्या बुजुर्गांच्या नावावरून ते पडले त्यांचा दर्गा आजही गावाची ओळख आहे. गाव जुने, म्हणून गल्ल्याही जुन्या. त्या बैलगाडीच्या हिशेबाने आखल्या गेल्या, आणि आता त्यांतून मोटारसायकली, ऑटो, मालवाहू गाड्या आणि शाळेच्या व्हॅन जातात. मोठ्या शहरांत ज्याला फुटपाथ म्हणतात तो आमच्या मोहल्ल्यांत म्हणजे नालीवरचे सिमेंटचे ढापे. पायी चालणारा माणूस गाडीला वाट देण्यासाठी त्या ढाप्यांवर चढतो. म्हातारी माणसे त्यावरून भिंतीला हात लावत चालतात. आणि गाडी उभी करायची असेल तर तीही आम्ही त्याच ढाप्यांवर लावतो, कारण तिथे ती 'कोणाच्या मधे येत नाही' अशी आमची समजूत आहे.

आमच्या मोहल्ल्यात एक चाचा राहतात. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे त्यांचे दोन्ही पाय गेले. हाताने फिरवायच्या तीनचाकी सायकलवर ते फिरतात, शिवणकाम करतात, आणि गावातल्या बहुतेक मुलांच्या शाळेच्या गणवेशाला त्यांचा हात लागलेला आहे. त्यांचा एक जिवलग मित्र होता. लहानपणी तो मित्र त्यांना पाठीवर घेऊन मक्तबमध्ये सबक घ्यायला नेत असे, हे गावातल्या जुन्या माणसांना अजून आठवते. गेल्या वर्षी त्या मित्राचे निधन झाले. जोहरनंतर कब्रस्तानलगतच्या मोकळ्या जागेत नमाज होती. माणसे खूप आली. मृत माणूस सर्वांच्या उपयोगी पडणारा होता.

मी शाळेतून परवानगी काढून निघालो आणि उशिरा पोहोचलो. वाटेच्या एका बाजूला, भिंतीकडे, मोटारसायकलींची तिरपी रांग लागलेली होती. दुसऱ्या बाजूला ढाप्यांवर उशिरा आलेल्यांच्या गाड्या होत्या. मी माझी गाडी तिथेच, त्यांच्या शेवटी, लावली आणि टोपी घालत धावत जाऊन मागच्या सफमध्ये उभा राहिलो. मला नमाज मिळाली. मनात समाधान होते.

सलाम फिरवून लोक जनाजा उचलू लागले. मला शाळेत परतायचे होते, म्हणून मिट्टी देण्यासाठी न थांबता मी गाडीकडे आलो. माझ्या गाडीच्या मागच्या चाकाला लागून चाचांची सायकल उभी होती. त्यांचा मुलगा कबर खोदणाऱ्यांबरोबर पुढे गेला होता, म्हणून ते एकटेच आले होते. एवढ्या अंतरापर्यंत ते पोहोचले आणि पुढे दोन रांगांमध्ये त्यांची सायकल शिरेना. त्यांनी हाक मारली असावी. पण पुढे इमामसाहेबांची पहिली तकबीर झाली होती, आणि तकबीर झाल्यावर मागे वळून कोण पाहणार? मी गेलो तेव्हा त्यांचे हात मांडीवर होते. डोळे कोरडे होते. त्यांनी मला एवढेच विचारले, "सर, मैं यहींच से नियत बांध लिया था. आवाज आ रही थी. मेरी नमाज हुई क्या?"

मी बी.एड. झालेला शिक्षक आहे. मुलांच्या प्रश्नाला 'उद्या सांगतो' म्हणायची सवय मला आहे. त्या दिवशी तेही म्हणता आले नाही. मी गाडी बाजूला घेतली, चाचांची सायकल पुढे ढकलत नेली. आम्ही पोहोचलो तेव्हा मिट्टी देऊन होत आली होती. त्यांच्यासाठी कोणीतरी ओंजळीत माती आणून दिली, ती त्यांनी सायकलवरूनच टाकली.

नंतर मी आमच्या मौलानांना तो प्रश्न विचारला. हनफी फिकहच्या किताबांत असा मसला आहे की इमाम आणि मुक्तदी यांच्यामध्ये गाडी जाऊ शकेल इतका वाहता रस्ता राहिला तर मागच्याची इक्तिदा जुळत नाही. इथे तर गोष्ट उलटी होती. रस्ता इतका बंद होता की एक सायकलही जाऊ शकत नव्हती. मौलाना थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, त्यांच्या नमाजचा हिशेब अल्लाहकडे आहे आणि त्याला नियत माहीत आहे; तुम्ही तुमच्या नमाजचा विचार करा. तेव्हापासून मी तो विचार करतो आहे. हा लेख त्याच विचाराचा आहे.

पहिली गोष्ट मला अशी दिसली की या घटनेत गुन्हेगार सापडत नाही. काही दिवसांनी मी आठवीच्या मुलांना घेऊन टेपने ती वाट मोजली. गणिताचा तास होता, क्षेत्रफळाचा धडा होता. वाट दहा फूट रुंद. भिंतीकडच्या तिरप्या रांगेने साडेपाच फूट घेतले होते. ढाप्यावर सरळ लावलेल्या गाड्यांनी अडीच फूट. उरले दोन फूट. चाचांची सायकल मागच्या चाकांपाशी तीन फुटांना थोडी कमी. मुलांनी लगेच हिशेब मांडला की नुसती पहिली रांग असती तर साडेचार फूट वाट उरली असती आणि सायकल आरामात गेली असती. नुसती दुसरी रांग असती तरी गेली असती. दोन्ही रांगा सरळ लावल्या असत्या तरीही पाच फूट मोकळे राहिले असते. म्हणजे एकही गाडी घरी ठेवण्याची गरज नव्हती.

त्या दिवशीच्या ज्या गाड्या मला ओळखू आल्या त्यांच्या मालकांशी मी बोललो. पहिल्या रांगेतले म्हणाले, "आमच्यानंतरही वाट मोकळी होती." दुसऱ्या रांगेतले म्हणाले, "पहिल्यांनी तिरप्या लावल्या म्हणून असे झाले." एक जण म्हणाले, "माझी एकट्याची थोडीच होती?" यातला कोणीही खोटे बोलत नव्हता. प्रत्येकाचे म्हणणे मापाने खरे ठरते. आणि तरीही एक माणूस आपल्या मित्राच्या जनाज्यापासून वीस-पंचवीस पावलांवर अडून राहिला, हेही तितकेच खरे आहे. सगळ्यांचे खरे एकत्र केले आणि त्यातून एक जुलूम तयार झाला. मग तो जुलूम कोणाच्या नावावर लिहायचा?

आपल्याकडे हुकूकुल्लाह आणि हुकूक-उल-इबाद असा फरक लहानपणापासून शिकवला जातो. अल्लाहचा हक्क चुकला तर तौबा आहे, तो गफूर आणि रहीम आहे. बंद्याचा हक्क मारला तर आधी त्या बंद्याकडून माफी घ्यावी लागते. उधार बुडवले, जमिनीचा बांध सरकवला, कोणाची निंदा केली, तर माफी कोणाकडे मागायची हे आपल्याला ठाऊक असते. पण वाट अडवणाऱ्याला आपण कोणाची वाट अडवली हे कळतच नाही. तो गाडी लावून निघून जातो. त्याच्यामागे एखादी आंधळी म्हातारी ढाप्यावरून खाली उतरून ट्रकच्या बाजूने चालते, एखादा कुबडीवाला मुलगा अर्ध्या वाटेतून परत फिरतो, एखादी आई अपंग लेकराला कडेवर घेऊन वळसा घालते. गाडीवाला परत येतो तेव्हा रस्त्यावर कोणीच नसते. माझ्या बाबतीत चाचा तिथे थांबलेले होते म्हणून मला कळले. ते घरी परत गेले असते तर मी आजही समाधानात असतो. आजवर अशा किती जणांचा हक्क माझ्या अंगावर आहे, ज्यांचे चेहरे मी पाहिलेले नाहीत, याचा विचार केला की झोप लागत नाही. ज्याची माफी मागता येत नाही असे पाप करण्याची संधीच टाळणे, एवढाच मार्ग उरतो.

'दोन मिनिटांत आलो' हे आपले नेहमीचे वाक्य. गाडीवाल्याची दोन मिनिटे त्याच्या घड्याळाप्रमाणे असतात. अडलेल्या माणसाला ती दोन मिनिटे कोणती आहेत हे त्याला माहीत नसते. ती दवाखान्याची असतील, परीक्षेची असतील, एसटीची असतील. चाचांसाठी ती चार तकबीरांची होती.

यावर काही जण म्हणतील, आणि त्या दिवशी म्हणालेही, की चाचा तर माजूर आहेत, त्यांच्यावर कुठे फर्ज होते? घरी बसून दुआ केली असती तरी चालले असते. हे वाक्य प्रेमाने बोलले जाते, म्हणून ते जास्त धोक्याचे आहे. उर्दूत अपंगाला आपण माजूर म्हणतो. हा शब्द 'उज्र' या अरबी शब्दापासून आला. ज्याचा उज्र मान्य आहे तो माजूर. शरीअतने त्याला सवलत दिली ही रहमत आहे. पण ती सवलत त्याची आहे. तो म्हणाला की आज मला जमत नाही, तर आपण म्हणायचे, काही हरकत नाही. तो म्हणाला की मला यायचे आहे, तर 'तुम्हाला माफ आहे' असे सांगून वाट बंद ठेवणे म्हणजे त्याचा उज्र चोरून आपल्या आळसासाठी वापरणे. आपल्या गावांत मशिदीला पायऱ्या असतात, शादीखान्याला पायऱ्या असतात, शाळेच्या खोलीलाही उंबरा असतो. आणि अपंग माणूस कुठेच दिसत नाही, म्हणून आपण समजतो की त्याला यायचेच नसते.

हजरत अब्दुल्लाह इब्ने उम्मे मकतूम हे अंध सहाबी होते. त्यांच्यासंबंधी दोन गोष्टी प्रत्येक मुसलमानाने ऐकलेल्या असतात. प्रेषित मुहंमद (स.) कुरैशच्या सरदारांशी बोलत असताना ते मध्येच आले, प्रेषितांच्या कपाळावर आठी पडली, आणि त्यावर कुरआनात सूरह अबस उतरली. ती आठी त्या अंध माणसाला दिसलीही नसेल. तरीही तिची नोंद झाली. ज्याला आपली चूक दिसू शकत नाही त्याच्याशी झालेली चूकही चूकच असते, हा धडा मला त्यात दिसतो. दुसरी गोष्ट हदीसमधली. एका अंध सहाबींनी, आणि रिवायतींत ते हेच असल्याचे येते, विचारले की मला मशिदीत नेणारा कोणी नाही, मी घरी नमाज पढू का? आधी त्यांना परवानगी मिळाली. मग त्यांना परत बोलावून विचारले गेले की अजान ऐकू येते का. ते हो म्हणाले, तेव्हा सांगितले गेले की मग या. फकीहांनी या हदीसवर पुष्कळ चर्चा केली आहे आणि अंधांना सवलत असल्याचे बहुतेकांचे मत आहे. मी फकीह नाही. पण एक साधा माणूस म्हणून मला वाटते की ज्याच्या कानापर्यंत अजान पोहोचवण्याची व्यवस्था आपण करतो, भोंगे लावतो, त्याच्या पायापर्यंत वाट पोहोचवणे हे अजान देणाऱ्या जमातीचेच काम आहे. याच इब्ने उम्मे मकतूम यांनी मदीन्यात अजान दिली आणि प्रेषित बाहेरगावी असताना त्यांनी शहराचा कारभारही पाहिला. त्या समाजात अंध माणूस घरी बसवलेला नव्हता.

रस्त्याच्या हक्काविषयी तर आपल्याकडे इतके काही सांगितले गेले आहे की आपल्याला लाज वाटावी. ईमानच्या सत्तराहून अधिक शाखांपैकी सर्वांत खालची म्हणजे वाटेतली त्रासदायक वस्तू दूर करणे, ही हदीस आमच्या मदरशाच्या भिंतीवर लिहिलेली असते. तिच्याचखाली आम्ही मोटारसायकली लावतो. दुसऱ्या एका हदीसमध्ये वाटेवर बसू नका असे सांगितले गेले, आणि बसल्याशिवाय इलाज नसेल तर वाटेला तिचा हक्क द्या असे म्हटले गेले. त्या हक्कांमध्ये कोणाला त्रास न देणे हाही एक हक्क मोजला आहे. माणसाचा हक्क आपण जाणतो, शेजाऱ्याचा जाणतो. वाटेचाही हक्क असतो ही कल्पना किती मोठी आहे.

इमाम गजाली (मृत्यू इ.स. ११११) यांच्या 'इह्या उलूमुद्दीन'मध्ये रस्त्यांवरच्या गैरगोष्टींचे एक प्रकरण आहे. त्यात ते बारकाईने मोजतात: रस्त्यात ओटे बांधणे, खांब रोवणे, लाकडे आणि धान्याची ओझी टाकणे, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याची वाट अरुंद होईल अशी जनावरे बांधून ठेवणे. जनावर रस्त्यात उभे करायचे ते उतरण्या-चढण्यापुरते, असा त्यांचा आशय आहे, कारण रस्ता सगळ्यांच्या सामाईक उपयोगाचा असतो आणि गरजेपलीकडे तो कोणी एकट्याने अडवू शकत नाही. नऊशे वर्षांपूर्वीच्या बगदाद किंवा तूसच्या गल्लीत उंट आणि खेचरे होती, आमच्याकडे मोटारसायकली आहेत. त्यांच्या लिखाणात गरज आणि सोय यांतला जो फरक आहे, तो आजही आपल्या उपयोगी पडतो. उतरण्यासाठी थांबणे ही गरज. दिवसभर बांधून ठेवणे ही सोय.

हा फरक लक्षात ठेवला तर एक मोठा घोटाळाही टळतो. वाट मोकळी करा असे म्हटले की सर्वांत आधी हातगाडीवाला हटवला जातो. त्याची गाडी ही त्याची रोजी आहे. पदपथावर राहणाऱ्यांच्या १९८५च्या ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला, आणि त्याच वेळी पदपथ हा चालणाऱ्यांसाठी असतो हेही सांगितले. दोन्ही गोष्टी सांभाळाव्या लागतात. २०१४च्या पथविक्रेता कायद्याने विक्रेत्यांना ठरलेल्या जागा देण्याची तरतूद केली ती यासाठीच. पण ज्याच्या घरात गाडी ठेवायला अंगण आहे आणि तो आळसाने ती ढाप्यावर लावतो, त्याची बरोबरी केळी विकणाऱ्याशी होऊ शकत नाही. एकाला जागा शोधून द्यावी लागेल, दुसऱ्याला नुसते सांगावे लागेल.

कायद्याबद्दल बोलायचे तर तो कमी नाही. अपंगांसाठी १९९५ साली कायदा झाला. त्याच्या जागी २०१६चा दिव्यांग हक्क कायदा आला. त्यात २१ प्रकारची अपंगत्वे मान्य झाली आणि रस्ते, इमारती, वाहतूक सुगम करण्याची जबाबदारी सरकारवर आली. २०१७च्या वाहन चालवण्याच्या नियमांप्रमाणे पदपथावर गाडी उभी करता येत नाही. नोव्हेंबर २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी खटल्यात सांगितले की सुगमतेचे किमान निकष सक्तीचे असले पाहिजेत, नुसत्या सूचना पुरत नाहीत. मे २०२५मध्ये त्याच न्यायालयाने चालण्याजोग्या पदपथाचा हक्क घटनेच्या कलम २१मध्ये, म्हणजे जगण्याच्या हक्कात, धरला आणि तो पदपथ अपंगांनाही वापरता आला पाहिजे असे स्पष्ट केले. २०११च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली, त्यांतले जवळजवळ ३० लाख महाराष्ट्रातले. हे लोक कुठेतरी राहतात, आणि त्यांच्या घरासमोर रस्ता असतो.

पण नुसत्या कायद्याने आणि लोखंडाने काय होते त्याचे एक उदाहरण मुंबईत घडले. पदपथांवर गाड्या चढू नयेत म्हणून पालिकेने ठिकठिकाणी खांब रोवले. हेतू चांगला होता. पण ते खांब इतके जवळजवळ बसवले गेले की चाकाच्या खुर्चीवरचा माणूस त्यांच्यामधून जाऊ शकेना. अशाच एका तरुणाने ही अडचण कळवली, आणि २०२३ साली मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून त्याची दखल घेतली. ज्याच्यासाठी पदपथ मोकळा करायचा तोच बाहेर राहिला. मला हा किस्सा वाचताना आमची कब्रस्तानची वाट आठवली. मुंबईत खांबांमधले अंतर ठरवताना त्या तरुणाची खुर्ची कोणी मोजली नाही. आम्हीही गाड्या लावताना चाचांची सायकल मोजली नाही.

आता प्रश्न उरतो, ज्याची वाट अडते त्याने करायचे काय? रागाने काही जण चाकातली हवा सोडतात, काही जण किल्लीने रंग ओरबाडतात. राग समजू शकतो. पण फिकहचा एक मोठा कायदा आहे: स्वतः नुकसान करायचे नाही आणि नुकसानीच्या बदल्यात नुकसान करायचे नाही. हवा सोडलेली गाडी तर उलट तिथेच अधिक वेळ उभी राहते. शिवाय आपल्या भागात गाडीवरून सुरू झालेला वाद गाडीवरच संपेल याची खात्री कोणी देऊ नये. नावे विचारली गेली की भांडणाचा रंग बदलतो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे भांडण्याचे ओझे आपण त्याच माणसावर का टाकावे, ज्याची वाट आधीच अडली आहे? चाचांनी रोज प्रत्येक गाडीवाल्याला विनवण्या कराव्यात, किंवा रोज कोणाशी तरी वाईटपणा घ्यावा, हे त्यांच्या वाट्याला आलेले दुसरे अपंगत्व आहे. ते आपण दिलेले आहे.

इथे मला जनाज्याच्याच मसल्यात उत्तर सापडले. नमाज-ए-जनाजा फर्ज-ए-किफाया आहे. म्हणजे वस्तीतल्या काही जणांनी ती अदा केली तर सगळ्यांवरचा भार उतरतो. कोणीच केली नाही तर सगळे गुन्हेगार होतात. मघाशी मी विचारले होते की त्या दिवशीचा जुलूम कोणाच्या नावावर लिहायचा. या हिशेबाने तो सगळ्यांच्या नावावर पूर्ण लिहिला जातो, वाटून लिहिला जात नाही. 'माझी एकट्याची थोडीच होती' हा उज्र तिथे चालत नाही. परंतु त्याच हिशेबात एक मोठी सोयही आहे. सगळे सुधारण्याची वाट पाहावी लागत नाही. एका माणसाने जरी उठून वाट मोकळी ठेवली तरी सगळ्यांचा भार उतरतो. त्या दिवशी आम्ही दीडशे-दोनशे माणसे एक फर्ज-ए-किफाया अदा करायला धावलो आणि दुसरे, अगदी पायाशी असलेले, तुडवून गेलो. आमच्यातला एक जण वाटेच्या तोंडाशी उभा राहिला असता तर पुरे होते. त्याचा जनाजा चुकला असता असेही नाही. गाड्या लागेपर्यंत उभे राहायचे होते.

मी चाचांकडे माफी मागायला गेलो तेव्हा ते एका मुलाचा शाळेचा सदरा शिवत होते. मशीन थांबवून म्हणाले, "बेटा, तुला माफ केले. पण त्या गाड्या पुष्कळ होत्या. मी कोणाकोणाला माफ करू? मला तर कोणाची कोणती ते माहीतही नाही." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "जाऊ दे. पुढच्या वेळी माझी मय्यत त्याच वाटेने जाईल. तेव्हा तरी अडवू नका." ते हसले. मला हसता आले नाही.

त्यानंतर आम्ही जे केले ते फार थोडे आहे. कब्रस्तानच्या कमिटीशी बोलून वाटेच्या दोन्ही कडांना अडीच अडीच फुटांवर चुन्याची रेघ ओढली. आठवीच्या मुलांनीच टेप धरला. गाड्या रेघेच्या आत, सरळ लावायच्या; मधले पाच फूट मोकळे. जुम्याच्या बयानात मौलानांनी दोन वाक्ये सांगितली, नावे न घेता. गर्दीच्या वेळी दोन-तीन तरुण मुले तोंडाशी उभी राहतात. सगळे ऐकतात असे नाही. एका गृहस्थांनी मला ऐकवले की मास्तर आता ट्रॅफिक पोलीस झाले. पावसाळ्यात रेघ धुऊन गेली तेव्हा पंधरा दिवसांत गाड्या पुन्हा तिरप्या झाल्या. आम्ही पुन्हा रेघ ओढली. दर वर्षी ओढावी लागेल असे दिसते.

चाचांच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे अजून नाही. त्यांची नमाज झाली असावी असे माझे मन म्हणते. मला माझ्या नमाजची काळजी वाटते, जी मी वेळेवर, सफमध्ये उभे राहून, इमामच्या मागे पढलो, आणि जिच्या मागे माझी गाडी उभी होती.